कुऱ्हाडीआधीचा हातोडा

दरवर्षी थंडी पडली की माझ्या फोनवर एक फोटो येतो. सागाच्या गोल लाकडांची थप्पी, प्रत्येक लाकडाच्या तोंडावर रंगवलेले आकडे, मागे विरळ झालेलं रान आणि खाली ठळक अक्षरांत ‘रक्षकच भक्षक’. यंदा तो पुतण्याने पाठवला. तो पुण्यात संगणकावर काम करतो, वर्षातून एकदा ताडोब्याला जातो, आणि काकाने ज्या वनखात्यात हयात घालवली त्या खात्याची त्याला मनापासून चीड आहे. त्याच्या मित्रांच्या गटात त्या फोटोवरून दोन दिवस जुंपली होती. एका तटाचं म्हणणं, जंगलातलं एकही झाड पडता कामा नये. दुसऱ्याचं म्हणणं, साग हे शेवटी पीकच, त्यातून महसूल येतो, मजुरी मिळते, उगाच गळे काढू नका. मी सगळे संदेश वाचले. निवृत्त माणसाकडे वेळ असतो. ‘ही तोड कुणी उभं राहून करून घेतली?’ हे मात्र त्यांत एकानेही विचारलं नव्हतं.

माझ्या मते भांडायचं तर याच प्रश्नावर भांडायला हवं. सार्वजनिक जंगलातलं झाड तोडणं हे पाप नाही आणि पुण्यही नाही. ते एक काम आहे, आणि त्या कामाची प्रत त्याच्यावर कोण नजर ठेवतो, किती वेळ ठेवतो आणि कुणाला उत्तर देतो यावर ठरते. ती नजर ज्याची असायची तो माणूस म्हणजे वनपाल. आमच्या विदर्भात त्याला क्षेत्र सहायक म्हणतात, गावकरी सरळ ‘फॉरेस्टर’ म्हणतात. वनरक्षकाच्या म्हणजे नाकेदाराच्या वर, रेंजरच्या खाली. हाताखाली तीन-चार बीट, म्हणजे एकेका वनरक्षकाकडे सोपवलेले रानाचे तुकडे. तोडीला बंदी घाला म्हणणारे त्याला रानातून बाहेर काढू पाहतात आणि तोडीचं उद्दिष्ट वाढवा म्हणणारे त्याला टेबलाला बांधून टाकतात. दोन्हींचा परिणाम एकच होतो. कुऱ्हाड थांबत नाही, फक्त तिच्याशेजारी उभं राहणारं कुणी उरत नाही.

तो नेमकं करतो काय, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, कारण बहुतेकांच्या डोळ्यांपुढे खाकी कपडे आणि हातातली छडी एवढंच असतं. कार्य आयोजना म्हणजे वर्किंग प्लॅन मंजूर झाला की त्यात कुठल्या वर्षी कुठला तुकडा घ्यायचा हे ठरलेलं असतं. त्या तुकड्याला आम्ही कूप म्हणतो. कुऱ्हाड कुपात शिरण्याआधी हातोडा शिरतो. आधी हद्द आखायची, मग झाडागणिक फिरायचं: छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साडेचार फुटांवर टेप लावून गोलाई मोजायची, आणि हे जाणार की राहणार ते तिथल्या तिथे ठरवायचं. जाणाऱ्या झाडाची साल तासून त्यावर नंबर आणि शिक्क्याचा हातोडा. दोन ठिकाणी. एक छातीशी आणि दुसरा बुंध्याशी, अगदी जमिनीलगत. वरचा शिक्का झाडाबरोबर डेपोत जातो, खालचा बुडख्यावर राहतो. उद्या कुणी साहेब तपासणीला आला, किंवा गावचा कुणी संशय घेऊन आला, तर बुडखा आणि रजिस्टर जुळवून पाहता यावं म्हणून ही सोय. शिक्क्याविना बुडखा दिसला की ती चोरी. इतकं साधं आणि इतकं कडक.

पण हिशेब हा त्यातला सोपा भाग. अवघड भाग म्हणजे निवड. दोन साग शेजारीशेजारी आहेत, दोन्ही एकाच गोलाईचे, कुठला ठेवायचा? ज्याचा शेंडा मोकळा आहे तो ठेवला तर पुढची वीस वर्षं तो भरेल. दुसरा त्याच्या सावलीत कुढत राहील. नाल्याच्या काठावरचं झाड कितीही मोलाचं असो, त्याला हात लावायचा नाही, कारण माती त्याच्या मुळांनी धरली आहे. मोह, तेंदू, चार (चारोळीचं झाड), आवळा ही गावाच्या पोटाची झाडं, ती राखायची. एकदा एका वाकड्या, अर्ध्या पोकळ बीजाच्या झाडापाशी मी हातोडा उचलला, तर बरोबरचा म्हातारा मजूर म्हणाला, “राहू द्या जी, घुबड हाये त्याच्यात.” मी वर पाहिलं, ढोलीच्या तोंडाशी पांढरे शिंतोडे होते. झाड राहिलं. ही माहिती कुठल्याही कागदावर नव्हती आणि त्या दिवशी मी ऑफिसात बसून राहिलो असतो तर ते झाड जळाऊ लाकडात गेलं असतं.

तोड सुरू झाली की वेगळीच लढाई. झाड कुठे पाडायचं त्या बाजूला आधी खाच, मग मागून घाव, म्हणजे खालची रोपं आणि शेजारची झाडं चिरडत नाहीत. बुडखा जमिनीपासून वीतभरापेक्षा उंच नको आणि त्याचं तोंड गुळगुळीत, उतरतं हवं, म्हणजे पाणी साचून तो कुजत नाही आणि पावसाळ्यात त्याला जोमदार फुटवे येतात. सागाचं बुडखं म्हणजे जमिनीत तयार असलेली मुळं. त्यावरचा फुटवा लावलेल्या रोपाला सहज मागे टाकतो. मजुराला मात्र वाकून खाली तोडणं जिवावर येतं. गुडघ्याच्या उंचीवर घाव घालणं सोपं, आणि कुणी पाहत नसेल तर तो तिथेच घालणार. त्याला दोष कसा देणार? दिवसभर वाकून राहण्याचे जादा पैसे त्याला कुणी देत नाही. पुढे पालापाचोळा आणि फांद्या बुडख्यांपासून दूर ओढायच्या, नाहीतर मार्चात वणवा लागला की फुटवे पहिल्याच वर्षी भाजून निघतात. कूप चराईला बंद ठेवायचा. फुटव्यांचा झुबका वर आला की एक-दोन ठेवून बाकीचे छाटायचे. हे शेवटचं काम कुणालाच दिसत नाही, त्याचा फोटो निघत नाही, आणि म्हणून ते सगळ्यांत आधी राहून जातं.

आता विरोधकांचं म्हणणं. ते मी हलक्यात काढणार नाही, कारण त्यातलं बरंचसं खरं आहे. या देशातलं जंगल खातं जंगलाच्या प्रेमातून जन्मलेलं नाही. १८६४ मध्ये ब्रँडिस या जर्मन साहेबाच्या हाताखाली ते उभं राहिलं ते रेल्वेच्या स्लीपरसाठी आणि सरकारी तिजोरीसाठी. १८७८ च्या वनकायद्याने गावाच्या वहिवाटी सवलती झाल्या आणि सवलती गुन्हे. शेतकऱ्याची गुरं कोंडवाड्यात घालणाऱ्या या खात्यावर महात्मा फुल्यांनी आसूड ओढला तो उगाच नव्हे. १९३० सालच्या जंगल सत्याग्रहात लोकनायक अणे पुसदला गवत कापून अटक करून घेतात, बिळाशीत गाव उठतं, चिरनेरला गोळीबारात माणसं मरतात. ही सगळी माणसं झाडांच्या विरोधात नव्हती, झाडांशेजारी उभ्या असलेल्या माझ्यासारख्याच कुणाच्या तरी विरोधात होती. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. खात्यातला खालचा माणूस त्याच गावातला, त्याच मातीतला असायचा, आणि त्याच्याच हातून गावाच्या झोपड्यांचे वासे जप्त व्हायचे. हे मी ऐकून बोलत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षांत असे वासे मीही मोजले आहेत.

पण या इतिहासातून निष्कर्ष कुठला काढायचा? देखरेख जुलमी होती, म्हणून देखरेखच नको? हा प्रयोग एकदा करून झालेला आहे. मलबारातला साग मुंबईच्या गोदीत यायचा. वाडिया कारागिरांनी त्यातून बांधलेली आणि १८१७ मध्ये पाण्यात सोडलेली ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. गोदीची भूक भागवायला ईस्ट इंडिया कंपनीने १८०६ साली कॅप्टन वॉटसन नावाच्या माणसाला जंगलांचा कॉन्झर्व्हेटर नेमलं. त्याने सागावर मक्तेदारी लादली, जमीनमालक आणि शेतकरी दोघांनाही नाडलं, ओरड झाली आणि १८२३ मध्ये मद्रासचा गव्हर्नर मन्रो याने ते पदच काढून टाकलं. लोकांचा न्याय झाला, योग्यच झालं. पुढे काय झालं? व्यापारी शिरले. नदीपर्यंत ओढायला सोपा तो साग आधी गेला, कोवळा जुना असा भेद राहिला नाही, आणि दोन दशकांत सरकारलाच मलबारातल्या निलंबूरला साग नव्याने लावायला घ्यावा लागला. मुंबई इलाख्याने १८४७ मध्ये दापोडीच्या बागेतल्या अलेक्झांडर गिब्सन या डॉक्टराला जंगलांवर नेमलं ते याच धड्यानंतर. वॉटसन वाईट होता. वॉटसन गेल्यावर आलेली पोकळी त्याहून वाईट निघाली. आपण अजूनही या दोनांतून एक निवडा म्हणतो आहोत.

पर्यावरणप्रेमी मंडळी समाजमाध्यमांवर आज्ञापत्रातला एक उतारा फिरवत असतात: आंबे, फणस यांना हात लावू नये, रयतेने ती झाडं लेकरांसारखी वाढवलेली असतात. उतारा सुंदरच आहे. (तो थेट शिवाजी महाराजांच्या नावावर खपवला जातो, लेखन रामचंद्रपंत अमात्यांचं, अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातलं. असो.) पण त्याच्या आधीची वाक्यं कुणी पाठवत नाही. विषय आरमाराचा आहे. तख्ते, डोलकाठ्या यांना थोर लाकूड लागतं, तेव्हा राज्यातल्या अरण्यातला साग हुजूरची परवानगी घेऊन तोडून न्यावा, उणं पडेल ते परमुलखातून विकत आणावं, आंबा-फणसाला हात लावू देऊ नये, आणि एखादं झाड जीर्ण होऊन कामातून गेलंच असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन त्याच्या संतोषाने घ्यावं, असा सगळा क्रम तिथे आहे. याला तोडबंदी म्हणतात का? ही तर कार्य आयोजना झाली! कुठलं झाड, कुणाच्या परवानगीने, कुणाला मोबदला देऊन, आणि कुठलं झाड कधीच नाही. अमात्यांना झाडाचं प्रेम होतं आणि लाकडाची गरजही ठाऊक होती. दोन्ही एकाच परिच्छेदात मावत होती.

विरोधकांचा दुसरा मुद्दा मला अधिक बोचतो. तो असा की, देखरेख चोख असूनही खात्याने जंगल बिघडवलं. खरं आहे. १९७४ साली राज्यात वनविकास महामंडळ निघालं, उत्पादन वानिकीचा, म्हणजे विक्रीच्या लाकडासाठी रान वाढवण्याचा, तो काळ होता, आणि ऐन, धावडा, बीजा, हळदू, मोह अशा मिश्र रानाला ‘कमी मोलाचं’ ठरवून मोठ्या क्षेत्रांवर ते साफ करून रांगेत साग लावला गेला. बुडखे उत्तम तासले होते, शिक्के बिनचूक होते, आणि रान गेलं. शाळेत एका गणवेशात उभ्या असलेल्या पोरांसारखी ती रोपवनं पाहिली की मलाही बरं वाटत नाही. जर्मनांचं तर यावर शास्त्रच होतं. जितकं वाढेल तितकंच तोडा हा विचार सॅक्सनीच्या कार्लोविट्झने १७१३ मध्ये मांडला. खाणींना लाकूड पुरेना म्हणून. पुढे त्यांच्या वनाधिकाऱ्यांनी स्प्रूसच्या एकाच जातीची शिस्तशीर वनं मैलोन्मैल उभी केली. २०१८ नंतरच्या कोरड्या उन्हाळ्यांत हार्त्झ पर्वतात सालकिड्यांनी ती वनं वाळवून टाकली. डोंगरच्या डोंगर करडे झाले. तेव्हा नजर आहे एवढं पुरत नाही, नजर काय शोधते हेही पाहावं लागतं. फक्त घनमीटर शोधणारा वनपाल हा चांगला गोदामपाल असतो.

पण यातूनही ‘मग हात लावू नका’ हे निघत नाही; उलटंच निघतं. तो रांगेतला साग आता तिथे उभा आहे. दोन मीटरांवर एक असा लावला, म्हणजे हेक्टरी अडीच हजार झाडं. त्यातली शेवटपर्यंत वाढायची ती फार तर काही शे. उरलेली वेळोवेळी काढली नाहीत तर काय होतं? सगळीच काठीसारखी बारीक राहतात, शेंडे एकमेकांत अडकतात, खाली उजेड पडत नाही, गवत येत नाही, आणि गवत नाही तिथे चितळ कशाला थांबेल? ज्या रोपवनाला आपण वाळवंट म्हणून शिव्या देतो ते पुन्हा मिश्र रान व्हावं असं वाटत असेल तर त्यात विरळणी करून, मधूनमधून खिडक्या उघडून, आपोआप आलेला ऐन-धावडा राखूनच ते होईल. तिथेही हातोडा लागेल, आणि तो धरणाऱ्याला ऐनाचं कोवळं रोप ओळखता यावं लागेल. जुनी चूक दुरुस्त करायला ती करणाऱ्यापेक्षा अधिक जाणता माणूस लागतो.

बांबूचं तेच. बेटातला बांबू अजिबात तोडला नाही तर बेट आतून गच्च होतं, जुने बांबू वाळून आडवे पडतात, नवे कोंब वाकडेतिकडे येतात किंवा येतच नाहीत. आणि वाटेल तसा तोडला, म्हणजे हाताला येईल तो कडेचा कोवळा तेवढा ओढून नेला, तरी बेट मरतं. पहिल्या वर्षाचा बांबू राखायचा, जुना आतून काढायचा, पहिल्या पेऱ्याच्या वर काप द्यायचा हे मजुराला सकाळी सांगून संध्याकाळी बघायला येण्याने होत नाही. गडचिरोलीत वर्षानुवर्षं कागदासाठी झालेल्या तोडीत गावकऱ्यांची तक्रार नेमकी हीच असायची: बांबू नेला याची नव्हे, कसा नेला याची.

मध्य प्रदेशातल्या साल या झाडाचा किस्सा तर मी तोडबंदीवाल्या प्रत्येकाला सांगतो. गोंदियाच्या पलीकडे मंडला, बालाघाट भागात १९९६ नंतरच्या दोन-तीन वर्षांत साल बोरर या भुंग्याने थैमान घातलं. पोखरलेली लाखो झाडं तोडावीत की नाही यावर वाद झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. शंका रास्तच होती, किड्याच्या नावाखाली चांगली झाडंही जातील. या किड्यावर जुना इलाज काय आहे माहीत आहे? पावसाळ्याच्या तोंडावर भुंगे बाहेर पडतात तेव्हा सालाचं एखादं झाड मुद्दाम पाडायचं, त्याचे तुकडे करून वरची साल ठेचायची. रसाच्या वासाने आसपासचे भुंगे तिथे गोळा होतात, ते वेचायचे, मुंडकी मोजायची आणि मुंडक्यामागे मजुरी द्यायची. रान वाचवायला झाड पाडायचं! कुठलं, किती, कुठे, आणि मोजलेली मुंडकी खरोखर आजचीच आहेत ना, हे सगळं बघायला पुन्हा तोच वनपाल. सरसकट बंदीत या झाडाला जागा नाही, सरसकट परवानगीत या मोजणीला जागा नाही.

‘पण लाकडाची गरजच काय?’ असं पुतण्याने विचारलं. तो ज्या खुर्चीत बसून विचारत होता ती कशाची होती ते मी पाहिलं नाही. अयोध्येच्या मंदिराच्या दारांना बल्लारशाहचा साग मोठ्या मिरवणुकीने गेला तेव्हा सगळ्यांनी हात जोडले होते. तो साग काही आकाशातून पडला नव्हता, कुठल्या तरी कुपात कुणी तरी त्यावर नंबर घातला होता. आपल्या बाजारात आज इक्वेडोरचा, घानाचा साग विकला जातो. इथली तोड थांबवली की गरज थांबत नाही, ती फक्त ज्या रानात आपल्याला कधी जायचं नाही तिथे सरकते. तिथे कुणाच्या देखरेखीखाली तोड झाली हे विचारण्याचा हक्कसुद्धा आपल्याला नाही. किंवा मग दारं-खिडक्या ॲल्युमिनियमच्या होतात, आणि त्यासाठी बॉक्साइटचा डोंगर खणला जातो. खाणीला वर्किंग प्लॅनमधलं पुनर्जीवन माहीत नसतं; खणलेल्या डोंगराला फुटवा येत नाही. रस्त्यासाठी, खाणीसाठी, कारशेडसाठी कायमचं जाणारं झाड आणि कुपातलं झाड या दोहोंना एकाच घोषणेत बसवणं ही या वादातली सगळ्यात मोठी गल्लत. आरेमध्ये २०१९ च्या ऑक्टोबरात रातोरात झाडं कापली गेली तेव्हा मीही संतापलो होतो. तिथे जमिनीचा उपयोगच बदलत होता. कुपात जमीन जंगलच राहते. म्हणूनच १९९६ च्या १२ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात देशभरची तोड रोखली तेव्हाही मंजूर कार्य आयोजनेनुसारची तोड तेवढी वगळली होती.

आता तिसरा तट, जो अलीकडे निघाला आहे. त्याचं म्हणणं, माणूस कशाला हवा, उपग्रह आहे, ड्रोन आहे, ॲप आहे. मला यंत्रांचा राग नाही. जीपीएसने कुपाच्या हद्दीची भांडणं संपवली, रात्रीच्या गस्तीचा पुरावा दिला. पण भारतीय वन सर्वेक्षण १९८७ पासून जे अहवाल काढतं त्यात वनाच्छादनाची व्याख्या काय आहे ते बघा: एक हेक्टर किंवा जास्त जमीन आणि तिच्यावर दहा टक्क्यांहून जास्त झाडांच्या शेंड्यांचं छत्र, मग ती जमीन कुणाची का असेना आणि झाड कुठलं का असेना. त्यात आमराईही बसते, निलगिरीही बसते. वरून हिरवं ते हिरवं. घुबड असलेला बीजा आणि नसलेला बीजा वरून सारखाच. बुडखा गुडघ्यापाशी तोडला की वीतभर उंचीवर, हे वरून कुणाला कळणार?

मोजण्याच्या या हौसेचं दुसरं रूप आपण २०१६ ते २०१९ या वर्षांत पाहिलं: दोन कोटी, चार कोटी, तेरा कोटी, तेहतीस कोटी रोपं. खड्ड्यांचे फोटो अपलोड झाले, मंत्र्यांचे झाले. हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. पण त्या महिन्यांत कुपातल्या फुटव्यांची छाटणी करायला रानात कोण होतं? कुणीही नाही, सगळे खड्डे मोजत होते. आणि पुढे लावलेलं किती जगलं याची चौकशी करायला विधिमंडळाची समिती नेमावी लागली.

खरा रोग इथे आहे. वनपालाचं आजचं वेळापत्रक कुणी तपासून पाहावं. वाघाने गाय मारली, पंचनामा. रानडुकरांनी धान तुडवलं, पंचनामा. पाहुणे आले, गाडी. अतिक्रमण, न्यायालयाची तारीख, माहिती अधिकाराचं उत्तर, व्हिडिओ कॉलवरची बैठक. यातलं एकही काम फालतू नाही, आणि काही कामं जिवावरची आहेत. २०२१ च्या नोव्हेंबरात ताडोब्यात वाघांच्या खुणांची नोंद घेताना एका वनरक्षक भगिनीचा वाघिणीच्या हल्ल्यात जीव गेला. पण या सगळ्यातून कुपासाठी उरतो तो आठवड्यातला एखादा दुपारचा तास. मी उमेदवारीत असताना आमचा जुना फॉरेस्टर तोडीच्या हंगामात कुपाशेजारीच तळ टाकायचा. पाल, कंदील, मजुरांबरोबर भाकर. त्याच्यात दुर्गुणही होते. तो मजुरांवर ओरडायचा, कोंबड्या फुकट खायचा, हे मी लपवणार नाही. पण त्याच्या कुपातले बुडखे आजही मी डोळे झाकून ओळखेन. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी स्वतः एका कुपाच्या तपासणीच्या कागदावर तिथे न जाता सही केली. नंतर गेलो तेव्हा नाल्याकाठचे चार साग गेलेले होते. शिक्के होते, नंबर होते, रजिस्टर जुळत होतं. फक्त ते चार साग मी असतो तर गेले नसते.

‘मग वनपालावर कोण नजर ठेवणार?’ हा प्रश्न सगळ्यात रास्त, आणि त्याचं उत्तर खात्याच्या आत नाही. ते गावात आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला आपलं सामूहिक वन राखण्याचा, वाढवण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टरांवर तो मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेने आपल्या सहीने दिला. आज गडचिरोलीत हजाराहून अधिक ग्रामसभांकडे असे हक्क आहेत. माझ्या काही जुन्या सहकाऱ्यांना हे अजून पचत नाही. त्यांना वाटतं, आता सगळं ठेकेदार खाणार. काही गावांत ठेकेदार शिरलेही. नाकारण्यात अर्थ नाही. पण जिथे ग्रामसभेने आपल्यातलेच चार जण तोडीवर उभे केले, आज किती बांबू निघाला ते त्याच संध्याकाळी सगळ्यांपुढे वाचलं, तिथे कुठल्याही रेंजमध्ये मी पाहिली नाही अशी देखरेख होते. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई राज्यात बाळासाहेब खेरांच्या सरकारने कूपांतल्या ठेकेदाराला हटवून आदिवासी मजुरांच्या जंगल कामगार सोसायट्या काढल्या होत्या, त्यामागेही विचार हाच होता. पुढे त्यांतल्या कित्येक सोसायट्यांत नाव मजुराचं आणि धंदा दुसऱ्याचा झाला, तो कागदावर सही करून कुपात न जाण्यामुळेच.

म्हणून माझ्या मागण्या अगदी रुक्ष आहेत. तोडीच्या हंगामात वनपालाला दुसरं काम नको. पंचनाम्यांसाठी वेगळी माणसं द्या. मार्किंगचं रजिस्टर कुऱ्हाड पडण्याआधी ग्रामसभेत वाचा, त्यावर हरकत घेता आली पाहिजे आणि ‘घुबड हाये जी’ ही हरकत नोंदली गेली पाहिजे. वाकून तोडायचे जादा पैसे मजुराला द्या. आणि तोडीनंतर तिसऱ्या वर्षी त्याच कुपात जाऊन फुटवे मोजा. बदली झाली असली तरी त्याच वनपालाला तिथे उभं करा. गडचिरोलीत कमलापूरला सरकारी हत्ती आहेत, पूर्वी तिथल्या हत्तींनी साग ओढला. आता पर्यटक त्यांच्याबरोबर फोटो काढतात. आमचंही तसंच होईल अशी कधीकधी भीती वाटते.

पुतण्याला मी तो फोटो मोठा करून पाहायला सांगितला. लाकडावरचे आकडे तिरक्या रेघेने जोडलेले असतात, आधी झाडाचा नंबर, मग त्या झाडातून निघालेल्या तुकड्याचा. ते त्याला नीट वाचता आले. मग म्हटलं, आता याच झाडाचा बुडखा दाखव. फोटोत बुडखा नव्हता. थप्पीचाच फोटो होता, लाकडं होती, आकाश होतं, जमीन नव्हतीच. मी त्याला सांगितलं, ज्याने हा काढला त्याला पुन्हा त्या जागी पाठव, बुडख्याची उंची, त्यावरचा शिक्का आणि नाल्यापासूनचं अंतर, एवढे तीन फोटो मागव. शिक्का नसेल तर तक्रारीचा अर्ज मी लिहून देतो. याला आता तीन आठवडे झाले. फोटो अजून आलेले नाहीत.